प्रश्न वाचकांचे : रीलचा दर ठरला, करार मात्र राहिला

या सदराकडे एरवी मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) घर, भाटाची (बागायतीची) वाटणी, एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावरचे नाव अशा विषयांवरची पत्रे येतात. या महिन्यात मात्र निम्म्याहून अधिक पत्रे समाजमाध्यमांवरील इन्फ्लुएन्सरकडून करून घ्यायच्या प्रसिद्धीविषयी आहेत, आणि ती दोन्ही बाजूंची आहेत. ती वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. रक्कम पाच मिनिटांत ठरते आणि रकमेवरून भांडण सहसा होत नाही. ते होते तारखेवरून, तयार झालेला व्हिडिओ कुणाचा यावरून, आणि ही जाहिरात आहे हे बघणाऱ्याला सांगायचे की नाही यावरून. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी आणि माझी जाऊ घरगुती मसाले, कोकमाचे आगळ आणि खोला मिरचीचे लोणचे तयार करून विकतो. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) एका इन्फ्लुएन्सर मुलीशी फोनवर बोलून एक रील आणि तीन स्टोरी असे ठरवले व २५,००० रुपये आगाऊ भरले. रील चवथीच्या आदल्या रात्री अकरा वाजता आली, स्टोरी एकच आली आणि दीड महिन्याने रीलही काढून टाकलेली दिसली. लेखी काहीच नाही. आता काही करता येईल का? पुढच्या खेपेस काय लिहून घ्यावे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, लेखी काहीच नाही असे तुम्ही म्हणता, ते पूर्ण खरे नाही. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे प्रत्येक करार कागदावर असलाच पाहिजे असे बंधन नाही, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०अ मुळे इलेक्ट्रॉनिक संदेशांतून झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. तुमचा बँकेतील व्यवहार आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण हा तुमचा पुरावा आहे. ते संभाषण पुसू नका आणि शक्यतो तो फोनही विकू नका, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली असा पुरावा देताना सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ साधन हाताशी असलेले बरे पडते.

आता अडचणीचा भाग सांगतो. तुम्ही पाठवलेल्या संदेशांच्या छायाचित्रांत तिचा ‘ओके ताई, चवथीआधी नक्की’ असा शब्द आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे. परंतु रील आल्यावर, त्याच रात्री अकरा वाजून बारा मिनिटांनी, तुम्ही हात जोडल्याची खूण पाठवून ‘छान झाली’ असे कळवले आहे. करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, जेथे वेळ हाच कराराचा गाभा असतो तेथे उशीर झाल्यास करार रद्द करण्याचा हक्क समोरच्या पक्षाला मिळतो. मात्र उशिरा झालेले काम तुम्ही स्वीकारले आणि स्वीकारताना भरपाई मागणार असल्याचे कळवले नाही, तर त्या उशिरासाठी भरपाई मागता येत नाही. म्हणून उशिराबद्दलची तुमची बाजू लंगडी आहे. न आलेल्या दोन स्टोरी आणि काढून टाकलेली रील यांबद्दलची बाजू मात्र भक्कम आहे. एवढ्या रकमेसाठी न्यायालयात जाण्याचा खर्च आणि वेळ परवडणार नाही. तिला सविस्तर पत्र लिहून रील पुन्हा प्रसिद्ध करावी आणि राहिलेल्या दोन स्टोरी येत्या हंगामात ठरलेल्या दिवशी द्याव्यात, नाहीतर त्या प्रमाणात रक्कम परत करावी, अशी मागणी करा. बहुतेक मुली-मुले आपले नाव जपतात आणि लेखी मागणी आली की वाटेवर येतात, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या खेपेस ‘चवथीआधी’ असे लिहू नका. तारीख लिहा आणि वेळही लिहा. माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे) सामान घ्यायला लोक बाजारात उतरतात तोवर घरातला मसाला भरून झालेला असतो, म्हणजे तुमची रील त्याच्या निदान दोन आठवडे आधी लोकांसमोर आली पाहिजे, आणि ‘या तारखेनंतर आलेले काम स्वीकारणे आमच्यावर बंधनकारक नाही’ हे वाक्य करारात असले पाहिजे. पैसे दोन टप्प्यांत द्या. निम्मे करार करताना द्या आणि उरलेले रील प्रसिद्ध होऊन ती किती लोकांपर्यंत पोहोचली याचे आकडे तुमच्या हाती आल्यावर. रील किती महिने पानावर राहील तेही लिहा, कारण स्टोरी चोवीस तासांत आपोआप जाते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण रील कधीही काढता येते हे पैसे देणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कच्चा व्हिडिओ आधी दाखवणे आणि त्यात दोनदा बदल सुचवता येणे एवढी मुभा मागणे रास्त आहे. दहा-दहा वेळा बदल मागणाऱ्या उद्योजकांच्या तक्रारीही माझ्याकडे येतात आणि त्या खऱ्या असतात.

एक लक्षात ठेवा. ‘करार मोडल्यास एक लाख रुपये दंड’ अशी ओळ कुणाच्या सांगण्यावरून घालू नका. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत जेवढी वाजवी तेवढीच मान्य करते. २५,००० च्या कामाला लाखाचा धाक घातल्याने कागदाचे वजन वाढत नाही.

प्रश्न : दिवाडी बेटावर आमचे जुने घर असून त्यातील तीन खोल्या आम्ही होमस्टे म्हणून देतो. ऐंशी हजार फॉलोअर असलेल्या एका इन्फ्लुएन्सरने तीन रात्रींचे राहणे-जेवण फुकट द्या, मी रील करीन, असे सुचवले आहे. यात पैशांची देवाणघेवाण नाही, तेव्हा करार कशाला, आणि पैसे नसल्यामुळे ‘जाहिरात’ असे लिहायचीही गरज नाही, असे तिचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? — एक वाचक, दिवाडी

उत्तर : दोन्ही बाबतींत बरोबर नाही. मोबदला पैशांतच असला पाहिजे असे करार कायदा म्हणत नाही. तुमच्या खोलीची एका रात्रीची किंमत ७,००० रुपये धरली तर तीन रात्रींचे २१,००० रुपये झाले, जेवण वेगळे. हा मोबदलाच आहे, आणि ज्याला बार्टर म्हणतात त्या व्यवहारात तर लेखी कागद अधिकच हवा, कारण आपण किती दिले आणि किती घेतले याचा आकडा कुठेच उमटत नाही.

जाहिरात असल्याचे सांगण्याबद्दल शंकेला जागाच नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने इन्फ्लुएन्सरसाठी केलेले नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही तेच सांगितले आहे. पैसे, भेटवस्तू, फुकट प्रवास किंवा राहणे यांपैकी काहीही मिळाले असेल तर तो संबंध बघणाऱ्याला स्पष्ट दिसला पाहिजे. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी दडवून चालत नाही. परिषदेच्या नियमांत वेळेचाही हिशेब आहे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती सूचना निदान तीन सेकंद दिसली पाहिजे, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतील व्हिडिओत एक-तृतीयांश वेळ, आणि दोन मिनिटे किंवा अधिक असल्यास त्या वस्तूचा भाग चालू असेतोवर. म्हणजे तुमच्या एका मिनिटाच्या रीलवर वीस सेकंद ‘जाहिरात’ किंवा ‘भागीदारी’ असा शब्द दिसायला हवा, आणि रील मराठीत असेल तर तो मराठीत असणे केव्हाही चांगले.

ही तिची एकटीची जबाबदारी आहे असेही समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ खाली खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो वस्तू किंवा सेवा देणाऱ्यालाही होऊ शकतो. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. खोलीतून मांडवी नदी दिसत नसताना ‘खिडकीतून मांडवी’ असे रीलमध्ये म्हटले गेले, तर पाहुणा तुमच्याच दारात तक्रार घेऊन येईल. म्हणून काय बोलायचे नाही याची यादी तिला आधी द्या. तिनेही तुमचा होमस्टे १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदलेला आहे का, हे विचारले पाहिजे, कारण शिफारशीपूर्वी आवश्यक ती खातरजमा केली असेल तर शिफारस करणाऱ्याला कायद्यात संरक्षण आहे.

करारात पाहुण्यांची संख्या लिहा. एका व्यक्तीचे ठरवून चौघे उतरल्याचे प्रसंग मला माहीत आहेत. नाताळापासून नववर्षापर्यंतचे दिवस वगळल्याचे लिहा. चित्रीकरण कुठे चालेल तेही लिहा. तुमच्या घराचा सोपा आणि बलकांव (दारापुढची बसायची जागा) ही तुमची मालमत्ता आहे, शेजाऱ्यांचे अंगण ही त्यांची आहे. पणजीच्या फोंतेनीस भागातील रहिवासी आपल्या दारापुढे चालणाऱ्या छायाचित्रणाने किती त्रासले आहेत हे आपण पाहतोच. फेरीबोटीने पलीकडे जाऊन जुन्या गोव्यातील चर्चमध्ये जाहिरातीसाठी चित्रीकरण करायचे झाल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि ती कुणी काढायची हे ठरलेले नसेल तर आयत्या वेळी तो भार तुमच्यावर येईल.

कराबद्दल थोडक्यात. व्यवसायाच्या निमित्ताने एखाद्याला वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक किमतीचा लाभ वस्तुरूपात दिला तर त्यावर १० टक्के कर कापून भरण्याची तरतूद १ जुलै २०२२ पासून आहे. वैयक्तिक व्यवसाय असून मागील वर्षाची उलाढाल एक कोटीच्या आत असेल तर ही जबाबदारी तुमच्यावर येत नाही, तरी लाभाची किंमत करारात लिहून ठेवा आणि आपल्या हिशेबनीसांना दाखवा.

प्रश्न : मडगावात आमचे साड्यांचे दुकान आहे. दोन लाख फॉलोअर असलेल्या एकाला ४०,००० रुपये दिले, रील लाखभर लोकांनी पाहिली, पण दुकानात कुणी त्या रीलचे नावही काढले नाही. दर कसा ठरवावा? — एक वाचक, मडगाव

उत्तर : फॉलोअरच्या आकड्याकडे पाहून दर ठरवू नका. त्याच्या खात्यातील प्रेक्षकांची शहरवार आकडेवारी मागा. ती त्याला फोनवर दिसते आणि तुमच्यासमोर बसून तो ती उघडून दाखवू शकतो. दोन लाखांतील बहुसंख्य दिल्ली-बंगळूरचे असतील आणि सुट्टीतला गोवा पाहण्यासाठी त्याच्या मागे असतील, तर ते तुमच्याकडे लग्नाची साडी घ्यायला येणार नाहीत. सासष्टी, केपे आणि काणकोणातील आठ हजार लोक ज्या मुलीला रोज पाहतात ती तुम्हाला अधिक उपयोगी आहे. शेवटच्या दहा रीलखालचे अभिप्राय स्वतः वाचा. नुसत्या खुणा आणि ‘सुपर’ एवढेच दिसत असेल, आणि ‘हे कुठे मिळेल’ असे कुणीच विचारत नसेल, तर तेथे गिऱ्हाईक नाही.

विक्रीची हमी मागू नका, कारण ती कुणी प्रामाणिक माणूस देणार नाही. त्याऐवजी ठरीव रक्कम कमी ठेवून, त्याने सांगितलेला सवलतीचा सांकेतिक शब्द घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकामागे ठरावीक रक्कम द्यावी. हा हिशेब कोण ठेवणार आणि दर महिन्याच्या कोणत्या तारखेला दाखवणार, हे मात्र लिहा.

प्रश्न : मी बावीस वर्षांची आहे. घरगुती स्वयंपाकाच्या रील मराठी आणि कोंकणीत करते, चाळीस हजार फॉलोअर आहेत. गोव्याबाहेरील एका कंपनीने नऊ पानी करार पाठवला आहे. त्यात व्हिडिओ ‘जगभर, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ वापरण्याचा हक्क, बारा महिने ‘कोणत्याही खाद्य व पेय पदार्थाचे’ दुसरे काम न करण्याची अट, बिल दिल्यापासून ९० दिवसांत पैसे आणि सर्व वाद दिल्लीतील न्यायालयात असे आहे. बाबा म्हणतात, पहिलेच मोठे काम आहे, सही करून टाक. काय करू? — एक वाचक, साखळी

उत्तर : सही करू नकोस, आणि नकारही देऊ नकोस. कंपनीने पाठवलेला मसुदा हा तिच्या मागण्यांचा कागद असतो. त्यावर बोलणी होतील अशी तिचीही अपेक्षा असते. बाबांना हे सांग, कारण सरकारी कार्यालयातील छापील अर्जासारखा तो जसाच्या तसा भरायचा असतो असा आपल्याकडे समज आहे.

सर्वांत महाग अट वापराच्या हक्काची आहे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. तुझ्या करारात ‘जगभर’ आणि ‘कायमस्वरूपी’ असे स्पष्ट लिहिले असल्यामुळे हे संरक्षण सही करताक्षणी संपते. त्यातही एक बारकावा आहे. कलम १७ नुसार कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केलेल्या चलच्चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. म्हणून ‘काही न लिहिलेले बरे’ असेही समजू नकोस. ‘व्हिडिओची मालकी माझी राहील, कंपनीला तो आपल्या समाजमाध्यमांच्या खात्यांवर सहा महिने दाखवण्याची परवानगी आहे’ असे स्पष्ट वाक्य घालून घे. रीलला पैसे लावून बूस्ट करणे, तुझ्या खात्यातून भागीदारीची जाहिरात चालवणे, फलकावर किंवा पाकिटावर तुझा चेहरा छापणे यांची रक्कम वेगवेगळी माग. तुझा आवाज किंवा चेहरा कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करून वापरता येणार नाही, हेही आजच्या काळात लिहायलाच हवे.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक फाइल आली होती. एका मुलीने १२,००० रुपयांत केलेली एक रील कंपनीने दुकानांतील पडद्यांवर दोन वर्षे चालवली, आणि त्याच काळात दुसऱ्या एका कंपनीने ‘तुम्ही तर त्यांच्या आहात’ म्हणून तिला काम नाकारले. करार वाचला तेव्हा कंपनीची काहीच चूक नव्हती. ती मुलगी समोर बसून आपलीच सही पुन्हा पुन्हा पाहत होती, ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

दुसरी अट काम न करण्याची. ‘कोणतेही खाद्य व पेय’ म्हणजे तुझे सगळे जगच बंद झाले. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे व्यवसायाला आडकाठी करणारा करार निरर्थक असतो, असे कुणी तुला सांगेल. ते करार संपल्यानंतरच्या बंधनाला लागू पडते. करार चालू असतानाचे बंधन न्यायालये सहसा मान्य करतात, आणि गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या १९९५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तशी अट मान्य केली आहे. तेव्हा कायद्यावर विसंबू नकोस, शब्द बदलून घे. कंपनी मसाल्याची असेल तर ‘तयार मसाले’ एवढाच प्रकार आणि रीलच्या आधी-नंतरचे तीस दिवस पुरेत. बारा महिनेच हवे असतील तर त्या बारा महिन्यांत तुझे जे उत्पन्न बुडेल तेवढे त्यांनी द्यावे. हे सांगताना ओशाळण्याचे कारण नाही.

पैशांच्या बाबतीत तुझ्या हाती एक साधन आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घे, आणि ती करारावर सही करण्यापूर्वीच कर. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. नोंदणी क्रमांक बिलावर छापलास की ९० दिवसांची अट बदलून घेण्याचे बोलणे सोपे होते.

नुकसानभरपाईचे कलम नीट वाच. कंपनीने सुचवलेले गाणे वापरल्यामुळे संगीताच्या हक्कदाराने दावा केला, तर तो तुझ्यावर येता कामा नये. वस्तूबद्दलचे दावे, म्हणजे ‘भेसळ नाही’, ‘मधुमेहींना चालते’ वगैरे, कंपनीने लेखी दिल्याशिवाय उच्चारू नकोस आणि ते खोटे निघाल्यास जबाबदारी कंपनीची असे लिहून घे. न्यायालयाबद्दल पणजीचा आग्रह धर, कारण काम तू गोव्यातच करणार आहेस. त्या एका मुद्द्यावर ते अडलेच तर सोड, पण वापराची मुदत आणि कामबंदीची अट यांवर माघार घेऊ नकोस.

प्रश्न : आमच्या कुटुंबाचा काजू फेणीचा व्यवसाय आहे. फेणीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा इन्फ्लुएन्सरकडून प्रसिद्धी करून घ्यायला हरकत नसावी ना? — एक वाचक, सत्तरी

उत्तर : काजू फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेय म्हणून घोषित केले, याचा अभिमान मलाही आहे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, जाहिरातीची परवानगी देत नाही. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे, आणि जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सोडा किंवा ग्लासाच्या नावाखाली केलेल्या आडवळणाच्या जाहिरातींनाही बंदी आहे. समाजमाध्यमांचेही मद्याबाबत आपापले निर्बंध आहेत. जो करार कायद्याने मना केलेल्या गोष्टीसाठी होतो तो करार कायद्याच्या कलम २३ खाली निरर्थक ठरतो, आणि मग आगाऊ दिलेली रक्कम परत मागायला गेल्यास न्यायालय सहसा मदत करत नाही. म्हणून काजूच्या हंगामातील भट्टी दाखवणारी साधी रील करायची असली तरी आधी तिचा मजकूर जोडून अबकारी खात्याला लेखी विचारा, आणि उत्तर हाती आल्यावर त्याची प्रत कराराला जोडूनच पैशांचे बोला.